गिअर निघत नाहीये? आधी हातोडी खाली ठेवा

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, आहे. गेल्या सीझनच्या शेवटी चालवताना खालून करकर आवाज यायला लागला म्हणून चेनकेस उघडली, तर चेन बरीच सैल आणि खालच्या मोठ्या गिअरचे दात झिजलेले. मग दोन्ही गिअर आणि चेन असा सगळाच सेट बदलायचं ठरवलं. वरचा लहान गिअर हाताने बोटभर पुढे आला पण खालचा हलायचं नावच घेत नाही. नट काढलाय, गंज सोडवायचा स्प्रे मारलाय, दोन स्क्रूड्रायव्हर मागे घालून उचकटून बघितला, शेवटी वैतागून हातोडीने पण ठोकला. मित्र म्हणतो गॅसचा टॉर्च लाव, दोन मिनिटात सुटेल. लावू का?

उत्तर : टॉर्च नको, आणि हातोडी पण जरा बाजूला ठेवा. कारण सांगतो, पण त्याआधी ज्यांनी ही गाडी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इंजिनच्या टोकाला एक क्लच, त्यावरून रबरी बेल्ट दुसऱ्या क्लचवर, तो दुसरा क्लच ज्या आडव्या शाफ्टवर बसतो त्याला जॅकशाफ्ट म्हणतात. जॅकशाफ्टच्या दुसऱ्या टोकाला चेनकेस नावाचा तेलाचा बंद डबा असतो, त्यात वर लहान गिअर, खाली मोठा गिअर आणि दोघांवरून फिरणारी रुंद चेन. खालचा गिअर ड्राइव्हशाफ्टवर आणि तो शाफ्ट बर्फावरचा रबरी पट्टा ओढतो. दोन्ही गिअर शाफ्टवर चावीने (खाचेत बसवलेल्या लोखंडी तुकड्याने) नाही तर स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टभोवती कोरलेल्या बारीक लांब खाचांवर बसतात आणि पुढून नट, बोल्ट नाहीतर सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) लावून अडवलेले असतात. म्हणजे ते घट्ट ठोकून बसवलेले नसतातच, नीट असतील तर हाताने सरकून बाहेर यायला पाहिजेत.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत वाचलं, वरचा गिअर बोटभर पुढे आला. तिथेच घोळ आहे बघा. दोन्ही गिअरवर एकच चेन आहे, तुम्ही वरचा पुढे ओढलात आणि खालचा मागेच राहिला, म्हणजे चेन आता तिरकी झाली आणि ती खालच्या गिअरला वरच्या कडेने बाहेर खेचतेय. गिअर अगदी केसभर जरी वाकडा झाला तरी स्प्लाइनवर तो पाचर मारल्यासारखा अडकतो, आणि मग जितका जोर लावाल तितका जास्त आवळतो. घरातला लाकडी ड्रॉवर एका बाजूने ओढला की कसा फसतो, तसंच. त्यामुळे पहिलं काम उलटं करायचं, वरचा गिअर परत मागे पूर्ण बसवा. चेनचं टेन्शन पूर्ण सोडलंय का ते बघा, नुसता बाहेरचा ॲडजस्टर बोल्ट सैल करून भागत नाही, आत जो रोलर किंवा प्लास्टिकची पट्टी चेनला दाबून धरते ती हाताने मागे ढकलून खरंच मोकळी झाली का ते बघायचं, स्प्रिंगवाला टेन्शनर असेल तर तो मागे खेचून अडकवून ठेवावा लागतो. मग दोन्ही गिअर एकाच वेळी, वरचा दोन मिलिमीटर, खालचा दोन मिलिमीटर, परत वरचा, असे चेनसकट बरोबर बाहेर आणायचे. अडकलाय म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच गिअर अडकलेले नव्हतेच, चेनने धरून ठेवलेले होते.

दुसरी गोष्ट तपासा, नट काढलाय म्हणजे सगळं काढलंय असं नाही. बॅटरी घेऊन शाफ्टच्या टोकाकडे नीट बघा. काही मॉडेलमध्ये वॉशरच्या मागे बारीक सर्क्लिप असते आणि काळ्या तेलात ती दिसतच नाही, चिंधीने पुसून नख फिरवलं की लागते. ती आत ठेवून पुलर, म्हणजे गिअर ओढून काढायचं साधन, लावला तर सर्क्लिप तर निघत नाहीच, वर तिच्या खाचेची कड तुटते आणि मग तो शाफ्टच बदलावा लागतो.

एवढं करूनही हलत नसेल तर मग खरंच जाम आहे असं समजू. स्प्लाइनच्या फटीत तपकिरी-लाल पेस्ट दिसतेय का बघा, कोको पावडर तेलात कालवल्यासारखी. ती दिसली तर कारण कळलं, गिअर शाफ्टवर वर्षानुवर्षं अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारं मागेपुढे हलत राहिला, लोखंड लोखंडावर घासलं, त्याची भुकटी गंजली आणि फटीत भरून बसली. त्यात चेनकेसमध्ये पाणी गेलं असेल तर विचारूच नका. गाडी चालली की डबा गरम, उभी राहिली की गार, प्रत्येक वेळी आतल्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि उन्हाळाभर ते तळाशी बसून राहतं, आणि तळाशी कोण आहे तर तुमचा खालचा गिअर. म्हणून वरचा सुटतो आणि खालचाच हट्टाला पेटतो.

यावर उपाय म्हणजे आधी वेळ. स्प्रे मारून पाच मिनिटात ठोकायला घेतलं तर तो फुकटच गेला. स्प्लाइनची फट वायर ब्रशने मोकळी करा, स्प्रे मारा, हलक्या हाताने गिअरच्या जाड मधल्या भागावर, म्हणजे बॉसवर, चारी बाजूंनी टकटक करा, परत स्प्रे मारा, आणि झोपायला जा. सकाळी परत तेच. ती टकटक गिअर हलवण्यासाठी नसते, त्या कंपनांनी तेल आत झिरपतं.

मग पुलर. साधा दोन जबड्यांचा पुलर इथे बरेचदा बसत नाही कारण गिअरच्या मागे बोट जाईल इतकीसुद्धा जागा नसते, आणि लोक जबडे दातांवर अडकवतात. ते करू नका. दात वरून कडक केलेले असतात, कडक म्हणजेच ठिसूळ, एका बाजूने ताण आला की टवका उडतो आणि तो डोळ्याच्या दिशेनेच येतो असा माझा अनुभव आहे, चष्मा होता म्हणून आज हे लिहितोय. मोठ्या गिअरला वजन कमी करायला बहुतेक वेळा भोकं किंवा खिडक्या ठेवलेल्या असतात, त्यातून बोल्ट घालून मागे चपटा वॉशर-नट लावायचा आणि पुढे जाड लोखंडी पट्टी आडवी टाकून मधल्या स्क्रूने शाफ्टच्या टोकावर जोर द्यायचा, स्टिअरिंग व्हील काढायचा जो पट्टीवाला पुलर मिळतो तो इथे फार छान चालतो. बोल्ट समोरासमोरच्या भोकात आणि दोन्हीकडे सारखे आवळलेले पाहिजेत, नाहीतर परत तेच, वाकडा गिअर.

आणि हे खूप महत्त्वाचं, पुलरचा टोकदार स्क्रू थेट शाफ्टच्या आट्यांवर टेकवू नका. शाफ्टला आतून आटे असतील तर जुना एखादा बोल्ट चार-पाच आटे आत घालून त्याच्या डोक्यावर पुलर टेकवा, बाहेरून आटे असतील तर नट उलटा करून शाफ्टच्या टोकाच्या बरोबरीला येईल एवढा फिरवून ठेवा, म्हणजे टोक फुगलं तरी आटे शाबूत राहतात. हे मी शिकलो ते शहाणपणाने नाही. सुरुवातीच्या दिवसात एका गाडीच्या ड्राइव्हशाफ्टच्या टोकावर मी साध्या लोखंडी हातोडीने चार फटके मारले, गिअर निघाला, मी खूश, आणि मग नवीन गिअर घालायला गेलो तर शाफ्टचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलेलं, नट एक आटासुद्धा घेईना. अख्खी दुपार बारीक कानस घेऊन आटे परत काढत बसलो. शिवाय ते फटके सरळ बेअरिंगच्या गोळ्यांवर जातात, बेअरिंग लगेच मरत नाही, महिन्याभराने घूं घूं करायला लागतं आणि तेव्हा कुणाला आठवत नाही की आपण ठोकलं होतं. गिअर कसाही झिजलेलाच आहे, तो मेला तरी चालेल, शाफ्ट वाचला पाहिजे.

पुलर ताणला की थांबा. एकदम आवळत सुटायचं नाही. ताण देऊन ठेवा, मग पितळी हातोडीने पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एकच टोला, परत पाव फेरा, परत टोला. सुटतो तेव्हा टक् असा कोरडा आवाज येतो, एवढा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं. तुटलेलं नसतं, गंज सुटलेला असतो, त्यानंतर तो हळूहळू यायला लागतो.

आता तुमच्या टॉर्चकडे येऊ. उष्णतेचा विचार बरोबर आहे, साधन चुकीचं आहे. पोलाद प्रत्येक अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे 30 मिलिमीटरचं भोक 100 अंशांनी तापवलं तर जेमतेम 0.036 मिलिमीटर मोठं होतं, माणसाच्या केसाच्या अर्ध्या जाडीएवढं. पण सुटायला तेवढंच लागतं, फक्त अट अशी की गिअर तापला पाहिजे आणि शाफ्ट गारच राहिला पाहिजे, दोघं बरोबर तापले तर दोघं बरोबर वाढतात आणि तुम्ही होतात तिथेच राहता. म्हणून हीट गन घ्यायची, बॉसवर गोल गोल फिरवत तापवायचं, पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं म्हणजे पुरे, आणि लगेच पुलर ओढायचा. टॉर्चची ज्योत एवढ्या छोट्या जागेत कुठे कुठे जाते याचा नेम नसतो. मागे ऑइल सील आहे, ते रबर शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे कडक होऊन जातं. तुम्ही आत्ताच भरपूर स्प्रे मारलाय, तो पेटतो. खाली पॅनमध्ये सांडलेलं तेल, पुढे पेट्रोलची टाकी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही गाड्यांची चेनकेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. मॅग्नेशियमचा जाड तुकडा सहज पेटत नाही हे खरं, पण त्याचा कीस आणि पातळ कडा पेटतात, आणि एकदा पेटलं की पाणी ओतलं तर आग आणखी भडकते कारण पाण्यातून हायड्रोजन सुटतो. आपली केस कशाची आहे हे खात्रीने माहीत नसेल तर ज्योत नाहीच. हीट गन वापरतानासुद्धा स्प्रे आधी पुसून घ्या, दार उघडं ठेवा, टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघा.

हेही सगळं करून नाही आला तर मग गिअर कापायचा. लहान डाय ग्राइंडरने बॉसला एक चीर पाडायची, पण शाफ्टपर्यंत नाही, दीडएक मिलिमीटर भिंत शिल्लक ठेवायची आणि त्या चिरेत छिन्नी घालून एक फटका, चीर उघडते आणि गिअरची पकड जाते. बेअरिंग, सील आणि चेनकेसचं तोंड ओल्या फडक्याने झाकून घ्या, ठिणग्या पेट्रोलच्या दिशेला जाणार नाहीत हे आधी बघा, मॅग्नेशियमच्या केसला ग्राइंडर लागू देऊ नका. हा शेवटचा उपाय आहे हं, दहातल्या नऊ वेळा इथपर्यंत यायची गरज पडत नाही.

जाता जाता, स्क्रूड्रायव्हर कशावर टेकवून उचकटलंत ते आठवा. चेनकेसच्या कडेवर टेकवलं असेल तर जिथे कव्हरची रबरी रिंग बसते तिथे खळगा पडलेला असू शकतो, बोट फिरवून बघा, असेल तर बारीक सँडपेपरने सपाट करा. नाहीतर सगळं जोडल्यावर तेल गळत बसेल आणि तुम्ही रिंगला शिव्या द्याल.

प्रश्न : वरच्या गिअरचा नट सोडताना शाफ्टच फिरतो. गिअरच्या दातात पाना अडकवला तर चालेल का?

उत्तर : अजिबात नको, दात जाईल नाहीतर बोट. हँडलवरचा ब्रेक दाबून पट्ट्याने आवळून बांधा आणि मग नट सोडा. एक गंमत लक्षात ठेवा, ब्रेकची डिस्क कुठल्या तरी एकाच शाफ्टवर असते, दुसरा शाफ्ट चेनमुळे थांबतो. म्हणजे चेन जागेवर असतानाच दोन्ही नट सैल करून घ्यायचे, मगच टेन्शन सोडायचं. लोक आधी चेन मोकळी करतात आणि मग एक नट हवेत गरगरत राहतो.

प्रश्न : गिअर बदलतोच आहे तर वरचा एक-दोन दात मोठा टाकू का? वेग वाढतो म्हणतात.

उत्तर : वाढू शकतो, पण ओढ कमी होते, फुकट काही मिळत नाही. हिशोब सोपा आहे, खालचे दात भागिले वरचे दात. वर 21 आणि खाली 41 असेल तर 1.95 येतं, वर 23 केलेत तर 1.78. आकडा खाली आला की तेवढ्याच इंजिन फेऱ्यात पट्टा जास्त फिरतो पण खोल भुसभुशीत बर्फात किंवा चढावर इंजिन दमतं आणि बेल्ट जास्त तापतो. सपाट, दाबलेल्या ट्रेलवर मोकळं चालवणाऱ्याला ठीक, मागे स्लेज ओढणाऱ्याला नाही. आणि दात बदलले की चेनची लांबी जुळेलच असं नाही, टेन्शनरला जेवढं खेचता येतं तेवढ्यातच ते बसायला हवं, नाहीतर दुसऱ्या लांबीची चेन घ्यावी लागते. जुनी चेन नवीन गिअरवर मात्र घालू नका, ताणलेली चेन नव्या दातांना पण आपल्यासारखंच करून टाकते.

प्रश्न : हे दात आणि पट्ट्याचं डोकं मुळात कुणी चालवलं? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही.

उत्तर : मुलाला शाबासकी सांगा. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या व्हालकूर गावचा जोझेफ-आर्माँ बॉम्बार्डिये, जन्म 1907, धंद्याने गॅरेजवाला. तिथे हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली बंद व्हायचे, 1934 मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला आणि हॉस्पिटलपर्यंत नेताच आलं नाही, मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करतच होता, 1935 मध्ये त्याने रबर मढवलेलं दातेरी चाक आणि रबर-कापडाचा पट्टा अशी जोडी जमवली, 1937 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. सात माणसं बसतील अशी बंद गाडी त्यातूनच आली, आणि एकट्या-दुकट्याने चालवायची छोटी स्की-डू 1959 मध्ये. तुम्ही आज ज्या शाफ्टशी झटापट करताय त्याच्या दुसऱ्या बाजूला पट्टा ओढणारी चाकं असतात ना, ती त्याच कल्पनेची नातवंडं.

प्रश्न : दादा, मी तोच करकरवाला. तुमचं उत्तर हातात आल्यावर वरचा गिअर मागे ढकलला, टेन्शनरचा रोलर खरंच अर्धा अडकलेला होता, तो सोडला. खालचा तरी नाही आला. दोन रात्री स्प्रे, मग पट्टीचा पुलर, आणि टक्! बायको धावत आली. पण गिअरच्या मागून दोन पातळ वॉशर तेलात पडले, कुठे होते बघितलंच नाही. ते घालू की राहू देत?

उत्तर : घाला, घाला. ते शिम आहेत, वरचा आणि खालचा गिअर एका रेषेत यावेत म्हणून गिअरच्या मागे टाकलेले असतात. आधी मॅन्युअलमधलं चित्र बघा, क्रम तिथे असतो. शाफ्टच्या स्प्लाइन वायर ब्रशने चकचकीत करा, एखादी स्प्लाइन पिळल्यासारखी तिरकी किंवा कडेला वळलेली दिसली तर बारीक कानशीने ती कड उतरवा, मग मॉलिब्डेनमचं ग्रीस अगदी पातळ, बोटाने पुसल्यासारखं लावा, नटाच्या आट्यांना मात्र ते लागू देऊ नका कारण मग टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळायच्या पान्याचा, आकडा खोटा पडतो. दोन्ही शिम घालून गिअर बसवा, चेन न घालता दोन्ही गिअरच्या तोंडावर एक सरळ पट्टी टेकवा. दोघांचे बॉस सारख्या जाडीचे नसतील तर दातांच्या कडेवर टेकवायची. पट्टी दोन्हीकडे सपाट बसली तर झालं, खालच्या बाजूला फट दिसली तर शिम कमी पडतोय, वरच्या बाजूला दिसली तर एक काढून बघा. सर्क्लिप असेल तर नवीनच घाला, जुनी परत बसते पण तिचा ताण गेलेला असतो.

चेन घातल्यावर टेन्शन फार आवळू नका, काही गाड्यांना बोल्ट नुसत्या बोटाने टेकवून पाव फेरा मागे घ्यायला सांगतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघा. तेल मोजूनच, कारण या डब्यात ते थोडंच मावतं. पहिली चक्कर मारून आलात की ड्रेन प्लगला किंवा डिपस्टिकला चुंबक असेल तर काढून बघा, करड्या लोण्यासारखी बारीक पेस्ट असेल तर नवीन गिअर-चेन एकमेकांना सरावतायत, सुईसारखे तुकडे असतील तर परत उघडा आणि मला कळवा. आणि वहिनींना सांगा, टक् आवाजाला सगळेच दचकतात.